चंदाचा डावा डोळा

तुम्ही डोळ्यांनी पाहता, हे तुम्हांला कोणी सांगितलं?

शाळेच्या पुस्तकाने सांगितलं असेल. मलाही त्यानेच सांगितलं होतं. पुढे डोळे तपासण्याची नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत कळलं की पुस्तकाने अर्धीच गोष्ट सांगितली होती. डोळा चित्र आत घेतो, तेही उलटं, डोकं खाली आणि पाय वर. त्या चित्रातला माणूस कोणता आणि खांब कोणता, जवळ काय आणि लांब काय, कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हा सगळा निवाडा मेंदूत होतो, डोक्याच्या पार मागच्या बाजूला. डोळा म्हणजे पोस्टमन. पत्र वाचणारा घरात बसलेला आहे. त्याने एखाद्या पोस्टमनची पत्रं घ्यायचीच नाहीत असं ठरवलं, तर पोस्टमनने दारात उभं राहून करायचं काय?

मी वर्धा जिल्ह्यात नेत्र सहायक आहे. डॉक्टर नाही. हे मी प्रत्येक गावात सांगतो, आणि सांगून झाल्यावर लोक मला डाक्टर म्हणतात. आणीबाणी उठल्यानंतर नोकरीला लागलो. सायकल, भिंगांची लाकडी पेटी आणि गुंडाळलेला तक्ता, एवढ्यावर काम चालतं. सेलूकडची गावं झाली की कारंजाकडची, तिकडून परत वर्धा. लांबच्या गावी सायकल एसटीच्या टपावर चढते आणि पेटी मांडीवर बसते.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी घरी ते सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढत. दारू सोडा, गंडेदोरे फेका, मुलीला शाळेत घाला. आम्ही भावंडं शाई सुकली की कागदांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. त्यामुळे कुठलीही गोष्ट ठासून सांगायची मला सवय लागली आहे. ती या लेखातही दिसेल. वाचकांनी चालवून घ्यावं, कारण ज्या गोष्टीबद्दल मी लिहितो आहे ती हळू आवाजात सांगून भागत नाही.

मेंदू पाहतो, याचा पहिला धडा मला वर्ध्यातल्या एका स्वयंपाकघरात मिळाला.

निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींना हिवाळ्यात अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले होते, बोलणं शाबूत होतं. तक्रार चष्म्याची होती. दोन चष्मे बदलले तरी वाचताना त्रास होतो म्हणून मला बोलावलं. मी तक्ता लावला. गुरुजींनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मात्र प्रत्येक ओळ मधूनच सुरू केली. मी विचारलं तेव्हा त्यांनी दोष वर्तमानपत्रांना दिला. हल्लीच्या संपादकांना मराठी येत नाही, वाक्यांना सुरुवातच नसते, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांनी एक पत्रही लिहून ठेवलं होतं, कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात.

काकूंची तक्रार वेगळीच होती. लग्न झाल्यापासून गुरुजींनी त्यांच्या हातची जवसाची चटणी कधी ताटात टाकली नव्हती, आणि झटका आल्यापासून ते तिला हात लावत नव्हते. कोशिंबिरीलाही नाही. भाजी मात्र दोनदा मागून घेत. दोघांत अबोला सुरू झाला होता. काकू मला म्हणाल्या, "चव आवडत नसेल तर सांगावं ना तोंडाने. असं न बघता उठून जायचं म्हणजे काय?" गुरुजी आतून म्हणाले, "वाढलीच नाही तर खाऊ काय?"

आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मी ताट धरलं आणि सावकाश फिरवलं. चटणी डावीकडून उजवीकडे आली. गुरुजींनी ती पाहिली, बोट लावून चाखली, आणि काकूंकडे बघून म्हणाले, "ही आत्ता कुठून आली?"

त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाकडे डाव्या बाजूच्या जगाचा कारभार असतो, आणि तिथेच झटका बसला होता. त्यामुळे त्यांच्यासाठी जगाला डावी बाजू उरली नव्हती. अंधार दिसत असता तर त्यांना कळलं तरी असतं. त्यांना काही उणं आहे असंच वाटत नव्हतं, आणि हीच या प्रकारातली मेख आहे. मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे बराच फरक पडला. मधल्या काळात काकूंनी चटणी उजवीकडे वाढली. पाहुण्यांनी नावं ठेवली, तर ठेवू द्या म्हणाल्या.

ही गोष्ट मी हसत सांगतो. दुसरी तशी सांगता येत नाही. कारंजाला हमरस्त्यावर ढाब्यांपाशी ट्रक थांबतात. तिथे आम्ही ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासत होतो. किसना नावाचा एक क्लीनर रांगेत आला. वय एकवीस-बावीस. गाडी उत्तम हाकायचा, आता लायसन काढायचं होतं. उजव्या डोळ्याने सगळं वाचलं. उजवा झाकला तर वरचं सर्वांत मोठं चिन्हही त्याला ओळखता येईना. मी डाव्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, सोबतच्या डॉक्टरांनी पाहिलं. डोळा आतून आरशासारखा स्वच्छ. लहानपणापासून त्या डोळ्याचा नंबर फार मोठा होता. चित्र धूसर येत होतं, म्हणून वाढीच्या वयात मेंदूने ते बाजूला टाकलं आणि उजव्याच्या चित्रावर भागवलं. आता योग्य भिंग लावून चित्र स्वच्छ पाठवलं तरी घेणारा कोणी नव्हता. मेंदूला पाहायला शिकायचं वय असतं. सात-आठ वर्षांपर्यंत तो भराभर शिकतो, मग दार बंद होत जातं.

किसनाला हे समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग लहानपनी काऊन नाई सांगतलं कोनं?"

त्याला तपासायला लहानपणी कोणी गेलंच नव्हतं. आमच्याकडे वरून विचारणा होते ती मोतीबिंदूची. म्हातारी माणसं दिसत नाही म्हणून स्वतः ओरडतात. एका डोळ्याने पाहणारं मूल ओरडत नाही, कारण दोन डोळ्यांनी पाहणं कसं असतं हे त्याला माहीतच नसतं. किसनाच्या प्रश्नानंतर मी शाळा धरल्या. साहेबांनी विचारलं, हे कोणाच्या हुकमावरून? मी म्हटलं, एका क्लीनरच्या.

सेलूच्या पुढे एका गावच्या शाळेत चंदा सापडली. दुसरीत होती, सातवं सरून आठवं लागायला आलेलं. शाळेत तपासणी करणं म्हणजे कसरत असते. पहिली पाच मुलं वाचेपर्यंत बाकीच्यांचा तक्ता पाठ होतो, म्हणून तो सारखा फिरवावा लागतो. त्यावरच्या इंग्रजी ई सारख्या चिन्हांची तोंडं कोणत्या बाजूला आहेत ते सांगायचं असतं, आणि चंदाने दोन्ही डोळ्यांनी घडाघडा दिशा सांगितल्या. डावा झाकला तरी सांगितल्या. उजव्यापुढे पाटी धरली तशी तिने मान वळवून पाटीच्या कडेने पाहायला सुरुवात केली. मास्तर म्हणाले, ही पोरगी पहिल्यापासून लबाड. मी पाटी नीट धरली, तर तिने माझा हात झटकला आणि रडायला लागली.

मी तिला विचारलं, "डाव्याने दिसत नाही हे घरी सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "एक डोया पाहाचा असते ना. दुसरा जोडीले."

मी पाटी खाली ठेवली आणि मास्तरांना तिचं घर कुठे ते विचारलं.

तिची आई शांताबाई समंजस बाई. चंदाचे वडील हिंगणघाटला गिरणीत कामाला, पंधरवड्याला घरी येत. घर चालायचं ते आजोबांच्या शब्दावर. महादेवराव नाव त्यांचं, चंदा त्यांना आबाजी म्हणायची आणि हळूहळू मीही म्हणायला लागलो. शेती चांगली होती आणि बैलांच्या पारखीबद्दल पंचक्रोशीत नाव होतं. मी घरी गेलो, सगळं सांगितलं. चष्मा लावायचा, आणि रोज शाळेतून आल्यावर झोपेपर्यंत चष्म्याच्या आत चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर पट्टी. डाव्याला एकट्याला कामाला लावायचं. वर्ध्याहून चष्मा करून आणला, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून दाखवली. मग शिबिरांचा हंगाम लागला, पाठोपाठ उन्हाळ्याची सुट्टी. मी परत गेलो तेव्हा शाळा नव्याने उघडली होती.

चंदा अंगणात पळत आली, चष्म्यासकट. पट्टीही होती, स्वच्छ धुतलेली, नीट कापलेली, डाव्या डोळ्यावर.

आबाजी बाजेवरून उठले आणि अभिमानाने म्हणाले, "पाहा डाक्टर. एक दिवस चुकू देल्ला नाई."

मला काय झालं ते इथे लिहितोच. मी पत्रकासारखा बोलत सुटलो. अडाणीपणा, अंधश्रद्धा, पोरीचं नुकसान, सगळं एका दमात. इतके महिने वाया गेले, आता हाताशी किती राहिले हे देवालाही सांगता येणार नाही, असंही म्हणालो. देव मी एरवी मानत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून शांताबाई म्हणाल्या, "म्या सांगतलं होतं भाऊ, उजव्यावर म्हनून. पन मायं कोन आयकते इथं."

आबाजी चिडले नाहीत. माझा दम संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी आपली बाजू सांगितली. ते म्हणाले, "लंगडत्या बैलाच्या मानेवर जूं देता का तुम्ही? कमजोर जनावराले सावलीत बांधते, सरकीची ढेप चारते. डाव्या डोयाले आराम देल्ला म्या. अन् चांगला डोया झाका म्हंता, तर पोरगी धडपडते, रडते. हे कोनत्या धर्मात बसते?"

यात गंडादोरा कुठे नव्हता. निष्काळजीपणा तर नव्हताच. आयुष्यभर जनावरं सांभाळलेल्या माणसाने नातीचा डोळा तसाच सांभाळला होता, रोज स्वतःच्या हाताने पट्टी बांधून. पायाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मोडलेल्या पायाला आराम लागतो. चंदाचा डोळा मोडलेला नव्हता.

पत्रकातलं एकही वाक्य इथे चालणार नव्हतं. मी चंदाची पाटी मागितली. डावीकडे फुली काढली, उजवीकडे चांगला ठसठशीत ठिपका. आबाजींना म्हटलं, डावा डोळा झाका, उजव्याने फक्त फुलीकडे बघा, आणि पाटी हळूहळू नाकाकडे आणा. त्यांनी पाटी आणली. मध्येच थांबले.

"गेला," ते म्हणाले.

"काय दिसतं तिथे?"

"पाटीच. काईभोर." त्यांनी पाटी पुढे नेली, मागे आणली. ठिपका आला, परत गेला. "कुठी जाते हा?"

मी सांगितलं की प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा आंधळी असते, जिथून डोळ्याची दोरी मेंदूकडे जाते. तिथलं काही दिसत नाही. पण आपल्याला भोक दिसत नाही, कारण मागे बसलेला मेंदू आजूबाजूला काय आहे ते पाहून ती जागा स्वतःच भरतो. पाटी काळी, म्हणून काळी भरली. जन्मभर भरत आला आहे आणि तुम्हांला कधी सांगितलं नाही.

आबाजींनी शांताबाईंना बाहेर बोलावलं, पाटी त्यांच्या हातात दिली. शांताबाईंनी पदराने डोळा झाकला आणि त्यांचाही ठिपका गेला तेव्हा त्या हसल्या. त्या अंगणात मी पहिल्यांदाच कोणाला हसताना पाहिलं.

मग आबाजींनी मुद्द्याचं विचारलं. "म्हंजे पोरीचा डोया आजारी नाई?"

"नाही."

"मंग आजारी कोन?"

"कोणीच नाही. मेंदूने डाव्या डोळ्याचं ऐकणं सोडलंय, एवढंच. उजवा चांगलं सांगतो आहे, मग डाव्याचं कशाला ऐकेल? उजवा उघडा आहे तोवर तो डाव्याकडे वळायचा नाही. आणि तुम्ही डावा झाकला, म्हणजे त्याचं तोंडच बांधलं."

ते गोठ्याकडे वळले. माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त असं बोलले. "नवा गोऱ्हा शिकवतानी त्याले जोडीत नाई घालत. पक्क्या बैलाच्या भरोशावर नुसता चालते, ओढत नाई. त्याले एकट्याले ओंडका ओढाले लावते." मग म्हणाले, "असं सांगा ना मंग. लंगडा नाई, शिकाचा राह्यला आहे."

इतक्या शिबिरांत, इतक्या भाषणांत, याहून नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं. आजही मी तेच वापरतो.

पटलं, पण निभावणं वेगळं. उजवा डोळा झाकला की चंदाला सगळं धुक्यात जायचं. उंबऱ्याला ठेचकाळायची, ताटाऐवजी पाटावर हात पडायचा. पट्टी ओढून काढायची. आबाजींना ते रडणं पाहवेना. पट्टीचं काम त्यांनी सुनेकडे सोपवलं आणि त्या वेळेला ते शेतावर निघून जायला लागले. शांताबाईंनी मात्र ढील दिली नाही. शाळेत हे कळलं तशी पोरं तिला घान्याचा बैल म्हणायला लागली, तेलाच्या घाण्याला डोळ्यांवर झापडं बांधून फिरतो तसा. मी मास्तरांना भेटलो, वर्गात बोललो. त्याने फरक एवढाच पडला की मी समोर असताना म्हणत नसत.

मुलांना नुसती पट्टी बांधून भागत नाही, त्या डोळ्याला बारीक काम द्यावं लागतं. ते आबाजींनी शोधलं. एक दिवस ते शेतावर गेले नाहीत. सुपात तूर घेऊन चंदासमोर बसले आणि खडे निवडायला लागले. खडा दिसला तरी सोडून द्यायचे. चंदा म्हणायची, आबाजी, हा काय, राह्यला ना. ते म्हणायचे, कुठी? मले तं नाई दिसला. पुढे पुढे खरंच त्यांना न दिसणारे खडे ती काढायला लागली. तेव्हा मी म्हटलं, आता तुमचेही डोळे दाखवा. ते म्हणाले, पोरीचं होऊ द्या, आमचं काय पिकलं पान.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, मग घरोघरी बैल दाखवून बोजारा मागतात, खाऊ नाहीतर चार पैसे. त्या दिवशी मी त्याच गावी होतो. मला वाटलं, आज पट्टी सुटणार. सणाच्या दिवशी कुठलं मूल चेहऱ्यावर चिंधी बांधून मिरवेल? मी शांताबाईंना म्हणणारच होतो की आज राहू द्या.

चंदा आली ती पट्टीसकट. पण पट्टी चमचमत होती. बैलांच्या शिंगांना लावून उरलेलं लाल-हिरवं बेगड तिने पट्टीवर चिकटवलं होतं आणि कडेने झालरही लावली होती. तिच्या लाकडी बैलाच्या उजव्या डोळ्यावरही तशीच पट्टी. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर जे जे असतं तो साज. त्याला कोण हसणार? रांगेतल्या एका पोराने "घान्याचा बैल" म्हणून पाहिलं. चंदा म्हणाली, "घान्याचा बैल साधा राह्यते बे. हा मानाचा आहे." बोजारा मागून परत येईपर्यंत आणखी दोघी पोरींनी आपापल्या आयांकडे पट्टी मागितली होती. त्यांचे डोळे मी लगेच तपासले. चांगले होते. बिचाऱ्या हिरमुसल्या.

कापूस निघून संक्रांत झाल्यावर मी तक्ता घेऊन पुन्हा गेलो. अंगणातल्या कडुनिंबाला टांगला. उजव्या डोळ्यापुढे शांताबाईंनी पाटी धरली. आबाजी माझ्या मागे उभे राहिले, तक्त्याकडे पाठ करून. समोर बघवत नव्हतं. चंदाने पहिली ओळ सांगितली, दुसरी सांगितली, तिसरी. खाली येता येता तिचा वेग कमी झाला. मी तक्ता फिरवला, तिने कुरकुर केली, पण सांगितलं. शेवटच्या दोन ओळी नाही आल्या. बाकी सगळ्या आल्या.

आबाजींनी वळून विचारलं, "दोनी चालते आता?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "चालतात. डावा थोडा मागे राहील. कदाचित जन्मभर."

"राहो," ते म्हणाले. "जूं तं घेतलं ना त्यानं."

तिथून परतताना सायकल हलकी वाटत होती. आमच्या कामाची कागदावर फारशी नोंद होत नाही. मोतीबिंदूचं आपरेशन मोजता येतं, मेंदूने ऐकायला सुरुवात केली हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मला त्याचं दुःख नाही. मी तक्त्याशेजारी उभा होतो, मला ते ऐकू आलं.

दुःख आहे ते किसनाचं. तो अजून क्लीनरच आहे. कारंजाच्या ढाब्यावर भेटतो, चहा पाजतो, आणि तो प्रश्न पुन्हा विचारत नाही.

म्हणून वाचकहो, हे शेवटचं ठासून सांगतो. घरात, शेजारात, तीन-चार वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतचं जे मूल असेल त्याला आज उजेडात समोर बसवा. त्याचा एक डोळा वाटीने झाका आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं चित्र ओळखायला सांगा. मग दुसरा झाका, आणि पुन्हा विचारा. एका बाजूला ते हसत सांगेल आणि दुसऱ्या बाजूला तुमचा हात झटकेल, रडेल, वाटीच्या कडेने बघेल, तर रागावू नका, नशिबाला बोल लावू नका, आणि मोठं झाल्यावर बघू असं तर मुळीच म्हणू नका. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. दिवाळीचा फराळ थोडा थांबेल. अंक मिटा, आणि आधी वाटी आणा.